लाहोरनंतरचा सोमवार

ओळखपत्र दाखवायला अरुळंबलमनं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. कोलंबोतल्या वेल्लवत्तेच्या कालव्यावरच्या पुलाशी, वाळूच्या पोत्यांमागे उभ्या असलेल्या सैनिकानं त्या कार्डाकडं ढुंकूनही बघितलं नाही. "अंकल, जिंकलो!" तो म्हणाला आणि हसला. गेलं दीड वर्ष हा पोरगा रोज सकाळी पावणेआठला त्याला अडवत होता. नाव? राहता कुठं? मूळचे कुठले? आणि रोज अरुळंबलम तेच उत्तर तितक्याच स्वच्छ सिंहलीत देत होता. यापनयजवळचं, म्हणजे जाफन्याजवळचं, कोक्कुविल, सरकारी नोकर, भाषांतर विभाग, सत्तावीस वर्षं. तमिळ माणसाच्या तोंडच्या त्या स्वच्छ सिंहलीमुळं पोराचा चेहरा दर वेळी जरा फसवल्यासारखा व्हायचा. आज त्यानं काही विचारलं नाही. त्याच्या दातांत फट होती हे आज दीड वर्षानं दिसलं. बंदूक खांद्यावर उलटी लटकत होती आणि हातात केळीच्या पानावर कुणीतरी दिलेला, सणासुदीला करतात त्या घट्ट दूधभाताचा तुकडा होता. "पाहिलीत ना? झोपला नाहीत ना मधेच?" अरुळंबलम म्हणाला, "पाहिली." "जा मग, जा," असं म्हणून सैनिकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. वर्दीतल्या माणसाचा हात इतक्या वर्षांत अंगाला लागला होता तो खिसे चाचपायला. अरुळंबलम पूल ओलांडून पलीकडं आला तरी त्याच्या पाठीचा तेवढा भाग वेगळा राहिला, ओल्या बनियनसारखा. कार्ड हातातच होतं. ते आत ठेवावं की नाही हे त्याला कळेना. कुणी परत बोलावील म्हणून तो क्षणभर थांबलासुद्धा. कुणी बोलावलं नाही.

जिंकलो. अपि दिनुवा. 'अपि' या शब्दाशी त्याचं सत्तावीस वर्षांचं वैर होतं. सिंहलीत एकच 'अपि'. तमिळमध्ये त्याचे दोन होतात: नाम आणि नांगळ. नाम म्हणजे समोरच्याला धरून, आपण. नांगळ म्हणजे समोरच्याला वगळून, आम्ही. सिंहली माणूस 'अपि' म्हणून मोकळा होतो. त्यात समोरचा आहे की नाही हे त्याचं त्यालाही ठरवावं लागत नाही. ते ठरवायची वेळ भाषांतरकारावर येते. सरकारी कागदांपुरतं अरुळंबलमनं ते फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. आम्ही कळवू इच्छितो, आम्ही आदेश देतो, आम्ही खेद व्यक्त करतो, सगळीकडं नांगळ. कधी कुणाची तक्रार आली नव्हती. आता त्या फटदात्या पोराच्या तोंडचं 'अपि' कोणतं, हे त्याला सांगता येईना. पाठीवरची थाप एक सांगत होती आणि दीड वर्ष दुसरं.

रात्री घरी काय झालं होतं ते आठवून त्याला थोडी लाजही वाटली. लाहोरचा विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हाच मनोन्मणीनं गॅलरीचं दार लावून घेतलं होतं. "अहो, आवाज बारीक करा," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, इतका बारीक नको. वरच्यांना वाटेल आपण बघतच नाही." त्या इमारतीत तमिळांची दोनच घरं. ओरडलो तर म्हणणार नाटकं करतात, गप्प बसलो तर म्हणणार पोटात दुखतंय. नवरा-बायको दोघांनी मिळून आवाजाचं एक माप शोधून काढलं आणि त्या मापात सात तास काढले. आपले दोन गडी झटपट गेले तेव्हा मनोन्मणी उठून मुरुगनच्या तसबिरीपुढं जाऊन बसली. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण संघात एक आपला तमिळ पोरगा होता, कँडीचा, मनगट गरगरा फिरवून चेंडू टाकणारा. डिसेंबरात तिकडं मेलबर्नला पंचानं त्याला 'तू चेंडू टाकत नाहीस, फेकतोस' म्हणून भर मैदानात पुन्हा पुन्हा अपमानित केलं, तेव्हा मनोन्मणी दोन दिवस जेवली नव्हती. आणि अरुळंबलमला नवल वाटलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सबंध देश त्या पोरासाठी पेटून उठला होता. बसमधले, भाजीबाजारातले, कचेरीतले सिंहली लोक "आमच्या पोराला" म्हणत होते. कप्तान त्याच्या शेजारी ढालीसारखा उभा राहिला होता. त्याच महिन्यात सैन्यानं यापनय घेतलं होतं. एकाच वर्तमानपत्राच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला हे. काल शेवटची धाव झाली आणि फटाके फुटले. पहिल्या आवाजाला मनोन्मणी जेवणाच्या टेबलाखाली गेली. सवयीनं. मग टेबलाखालूनच म्हणाली, "जिंकले ना?" अरुळंबलमनं तिला हात धरून बाहेर काढलं. ती हसत होती आणि तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं.

बसमध्ये शिरायला जागा नव्हती, पण आत बसलेले सरकून सरकून जागा करत होते. कोलंबोच्या बसमध्ये हे कधी झालं नव्हतं. एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं काल रात्री कोण कुठं होतं ते आज सांगत होती. एका म्हाताऱ्यानं शेवटच्या अर्ध्या तासात भीतीनं टीव्हीकडं पाठ केली आणि सबंध विजय बायकोच्या तोंडाकडं बघून पाहिला होता. "तिचं तोंड मी चाळीस वर्षांत एवढं निरखून बघितलं नव्हतं," तो म्हणाला आणि सगळी बस हसली. डबा उघडून बसलेल्या एका बाईनं दूधभाताची चौकोनी वडी काढून अरुळंबलमच्या तळहातावर ठेवली. त्याच्या कपाळावरची विभूतीची रेघ तिला दिसत होती. घरातून निघताना तो ती पुसायचा, आज विसरला होता. "घ्या हो, आजच्या दिवशी नाही म्हणायचं नसतं," ती म्हणाली. भात अजून कोमट होता.

तो खात होता आणि त्याला भीतीही वाटत होती. गर्दीच्या आनंदाची भीती. त्र्याऐंशीच्या जुलैत, तमिळांविरुद्धच्या दंगलीत, याच रस्त्यावर याच नंबराच्या बसमधून जाताना त्यानं असेच चकाकणारे चेहरे बघितले होते. बस थांबवून पाच-सहा जण आत चढले होते. एकाच्या हातात पत्र्याची बालदी. ते ओळीनं प्रत्येकाला विचारत होते, हे काय आहे, म्हण. सिंहलीत तिला बालदिय म्हणतात. तमिळ जिभेला सुरुवातीचा 'ब' जड जातो. अर्ध्या जणांचा तिथंच घात व्हायचा. अरुळंबलमची पाळी आली. शाळेत सिंहलीत पहिला येणारा, सरकारी परीक्षेत पदक मिळवलेला अरुळंबलम म्हणाला, "बालदिय." 'ब' कसा फुटाण्यासारखा फुटला. तो माणूस खूश होऊन पुढं सरकला. शेजारी एक पन्नाशीचा गृहस्थ होता, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. कागदाचं दुकान असावं. त्याच्या तोंडून आलं, "वाळिय." त्याला उठवून खाली नेलं. बस सुरू झाली. पुढचं अरुळंबलमला आठवत नाही असं नाही, पण तेरा वर्षं त्याला छळत होतं ते वेगळंच. 'वाळिय' ऐकताक्षणी त्याच्या मनात पहिली गोष्ट आली होती ती त्या माणसाचा उच्चार सुधारण्याची. मास्तरासारखी. चूक झाली, असं नाही, असं म्हणायचं. मग तो पुढच्या थांब्यावर उतरून व्यवस्थित घरी गेला होता. वह्यांचा गठ्ठा सीटवर राहिला होता.

आता तोंडात दूधभात होता आणि समोरचे चेहरे चकाकत होते, आणि तो त्या दोन चकाकींमध्ये फरक शोधत होता. त्या वेळी ते सगळे कुणाला तरी शोधत होते, हा फरक असेल. आज कुणी कुणाला शोधत नव्हतं. किल्ल्याच्या भागात उतरल्यावर त्या फुटलेल्या बँकेची इमारत दिसली, काळी, पोकळ, तिच्याभोवती पत्रे ठोकलेले. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी तमिळ वाघांनी दारूगोळ्यानं भरलेला ट्रक तिच्यावर घातला होता. अरुळंबलमच्या कचेरीच्या त्या बाजूच्या काचा अजून बसवायच्या होत्या. प्लायवूड मारलं होतं. त्या आठवड्यात कचेरीत त्याला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. चहाच्या टेबलाशी त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मात्र रिकाम्या राहू लागल्या. मग विश्वचषकाच्या दोन परदेशी संघांनी कळवलं, तुमच्या गावात आम्ही खेळायला येत नाही. तेव्हा बसमध्ये, बाजारात सगळ्यांचे चेहरे पडले होते, मुलीला बघायला येणारे ऐन वेळी आले नाहीत की घराचे पडतात तसे. आणि अरुळंबलमला, ज्याला या शहरात रोज सकाळी आपण कोण ते सांगावं लागत होतं, त्यालाही अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. का वाटावं? रागानं त्यानं स्वतःला विचारलं होतं. आज त्या जळक्या इमारतीच्या पत्र्यावर कुणीतरी खडूनं धावसंख्या लिहिली होती आणि खाली चाळीसेक माणसं ती नव्यानं कळल्यासारखी वाचत उभी होती.

कचेरीत शिरताच करुणातिलक साहेबांनी बोलावलं. ते विभागप्रमुख, सडपातळ, एरवी सुतकी चेहऱ्याचे. आज त्यांनी निळा टाय लावला होता. "या, या अंबलम. बसा." सत्तावीस वर्षांत 'बसा' तीनदा झालं असेल. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "अभिनंदनाचं परिपत्रक. सगळ्या जिल्ह्यांत जायचंय, पूर्वेकडंसुद्धा. बारापर्यंत तमिळ हवं. आठ ओळी आहेत फक्त. आणि हे बघा, फार अलंकारिक नको. तुम्ही लोक फार अलंकारिक लिहिता." तुम्ही लोक म्हणजे भाषांतरकार की आणखी कुणी, हे अरुळंबलमनं विचारलं नाही. कागदाची पहिली ओळ 'अपि'नं सुरू होत होती. अपि जिंकलो. अपि लहान देश आहोत, पण. जगानं अपिकडं पाठ फिरवली तेव्हा. आठ ओळींत अकरा वेळा अपि.

टेबलाशी येऊन त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तमिळ टंकलेखन यंत्राशी तवमलर बसली होती. पूर्वेकडल्या मट्टक्कळप्पूची, सत्तावीस-अठ्ठावीसची, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. तीन वर्षं या खोलीत ते दोघंच तमिळ, आणि बोलायचे ते पुटपुटल्यासारखं. तिनं मान लांब करून कागद वाचला. "सर, नाम की नांगळ?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करायचंय? तुम्ही लिहाल ते मी बडवते."

"तरी."

तिनं यंत्रातला कोरा कागद उगाच वर-खाली फिरवला. "काल वसतिगृहात पन्नास पोरी होत्या एका टीव्हीपुढं. मी आपली मागं भिंतीला टेकून. आपला तो पोरगा चेंडू टाकायला आला, तर सगळ्या सिंहली पोरी त्याच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागल्या. तेही अख्खं नाव, एक अक्षर न चुकता. शपथ सर, अंगावर काटा आला माझ्या. जिंकल्यावर वॉर्डनबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मीपण रडले. मग अंथरुणावर पडले आणि स्वतःचा असा संताप आला. माझ्या भावाला, अण्णाला, घरातून नेऊन या सप्टेंबरात सहा वर्षं होतील. नेणाऱ्यांच्या अंगावर वर्दी होती. त्याला क्रिकेटचं वेड होतं. मला वाटलं, बये, तू कुणाच्या गळ्यात पडलीस?"

"मग?"

"मग काय. सकाळी उठले आणि वर्तमानपत्रातलं चषकाचं चित्र कापून ठेवलं," तवमलर म्हणाली. "अण्णा आला तर दाखवायला."

ती पुन्हा यंत्राकडं वळली. अरुळंबलम कागदाकडं बघत राहिला. 'नांगळ' लिहिणं सोपं होतं. रोजचंच. सरकार आपल्या विजयाची बातमी तमिळ प्रजेला कळवतं आहे: आम्ही जिंकलो, तुमच्या माहितीसाठी. पण मग कँडीचा तो पोरगा कुठं गेला? टेबलाखालून 'जिंकले ना' विचारणारी मनोन्मणी? वॉर्डनबाईच्या खांद्यावर भिजलेला या पोरीचा चष्मा? आणि 'नाम' लिहावं, तर मट्टक्कळप्पूच्या कचेरीबाहेर हे परिपत्रक वाचणारी एखादी म्हातारी म्हणेल, आपण? कोण आपण? माझ्या मुलाला नेलं तेव्हा कुठं होतं हे आपण? एका शब्दाच्या फरकानं तिच्या जखमेवर मीठ पडेल. पावणेबारा वाजत आले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि करुणातिलक साहेब रागावायच्या ऐवजी हसल्याचं ऐकू आलं. आणि मग अरुळंबलमला युक्ती सुचली. तमिळमध्ये सर्वनाम टाळता येतं. त्यानं झरझर लिहिलं: लंका जिंकली. देश लहान आहे, पण. जगानं पाठ फिरवली तेव्हा. अकराच्या अकरा अपि त्यानं अशा सफाईनं गाळले की वाक्याला कुठं टाका दिसू नये. चांगली कारागिरी केल्यावर वाटतं तसं समाधान त्याला वाटलं. कागद त्यानं तवमलरकडं दिला.

तिनं तो दोनदा वाचला. "छान उतरलंय सर," ती म्हणाली. "फक्त यात कुणीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जिंकलंय, पण कुणीच जिंकलेलं नाही. रिकाम्या घरात दिवा लावून ठेवल्यासारखं."

त्याचे कान तापले. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळं जास्तच. बसच्या सीटवर राहिलेला वह्यांचा गठ्ठा त्याला दिसला. दोरीची गाठ, वरच्या वहीचा निळा पुठ्ठा. एक शब्द बिनचूक उच्चारून तो त्या बसमधून सुटला होता, आणि आज अकरा शब्द बिनचूक गाळून पुन्हा सुटत होता. सबंध आयुष्य त्यानं भाषेचा उपयोग अंग चोरायला केला होता. त्या सैनिकाला दिलेली स्वच्छ उत्तरं, पुसलेली विभूती, टीव्हीच्या आवाजाचं ते माप. आणि कालच्या त्या अकरा जणांनी काय केलं होतं? येत नाही म्हणणाऱ्यांपैकीच एका संघासमोर जाऊन उभे राहिले होते. दोन गडी गेले तरी बॅट आखडली नव्हती. आपण लहान आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या खेळाचा तो मोठेपणा काल रात्री त्याला धावांच्या हिशेबात दिसला नव्हता, तो आता, या प्लायवूडच्या खिडकीशी, पेन हातात धरून बसल्यावर दिसला. त्यानं कागद परत घेतला. 'लंका' खोडून, गाळलेल्या अकरा जागी काकपदाची खूण करून वर अकरा वेळा लिहिलं: नाम. हे खरं आहे म्हणून तो लिहीत नव्हता. खरं ते नव्हतंच. पण सरकारचा कागद, सरकारचा शिक्का, आणि त्यावर आपण. एवढं मागून घ्यायला आजच्यासारखा दिवस पुन्हा मिळाला नसता.

तवमलरनं चष्मा वर सारला. "विचार केलाय ना सर?"

"केलाय."

"मग द्या. सही झाली की एक प्रत मी ठेवून घेते. उद्या नाही म्हणाले तर दाखवायला होईल." आणि ती बडवायला लागली. यंत्राचा आवाज एरवीपेक्षा मोठा येत होता.

करुणातिलक साहेबांनी नेहमीप्रमाणं न वाचता सही केली. तमिळ त्यांना येत नव्हतं. "लांबी बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले. पियसेन शिपायानं दोन्ही कागद घेतले आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर टाचण्या मारून लावले, सिंहली वर, तमिळ खाली. पियसेन अरुळंबलमच्याच वयाचा, त्याच वर्षी नोकरीला लागलेला, पांढऱ्या मिशांचा, पायानं जरा अधू. पंधरा-वीस माणसं जमली होती, पोटं दूधभातानं आणि तोंडं गप्पांनी भरलेली. सिंहली कागद एकानं मोठ्यानं वाचला, टाळ्या झाल्या. अरुळंबलम मागच्या मागं खोलीकडं वळत होता तेवढ्यात पियसेन म्हणाला, "साहेब, खालचापण वाचा की."

"कशाला? तेच आहे."

"तेच असेल हो. पण सत्तावीस वर्षं हे कागद मीच लावतोय. तुमच्या अक्षराचा आवाज कसा असतो ते कधी ऐकलंच नाही. वाचा, आज वाचा."

"वाचा, वाचा," आणखी दोघं-तिघं म्हणाले. खोलीच्या दारात तवमलर येऊन उभी राहिली. अरुळंबलम फळ्यासमोर गेला. त्र्याऐंशीपासून या इमारतीत त्याच्या तोंडून तमिळ मोठ्यानं बाहेर पडलं नव्हतं. त्यानं खाकरून सुरुवात केली आणि आवाज आला तो कचेरीतला नव्हता. कोक्कुविलच्या शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार वाचणाऱ्या मुलाचा, यापनयच्या हेलाचा, शेवटचं अक्षर किंचित ओढणारा आवाज होता तो. दुसऱ्या ओळीला तो चढला. पाचव्या ओळीला अरुळंबलमच्या लक्षात आलं की आपण गरजेपेक्षा मोठ्यानं वाचतो आहोत, आणि त्यानं तो कमी केला नाही. वाचून झालं. मग काही न कळलेल्या त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि कळलेल्या एकटीनं दारात डोळ्यांना पदर लावला.

गर्दी पांगल्यावर पियसेन कागदाशी रेंगाळला. "हे सारखं सारखं येतं ते काय? हे, पहिलं."

"नाम. म्हणजे आपण. समोरच्याला धरून."

"समोरच्याला म्हणजे?" पियसेननं विचार केला. "वाचणारे तुम्ही, समोर आम्ही. म्हणजे आम्हाला धरून?" आणि तो मिशांत हसू लागला. "आम्हाला घेतलंत होय तुम्ही! बरं झालं बुवा. मेहेरबानी!" अरुळंबलम त्याच्याकडं बघत राहिला. सकाळपासून तो विचारत होता की यांच्या शब्दात मी आहे का. त्याच्या शब्दात हे आहेत, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यालाही हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून. दोन म्हातारे व्हरांड्यातल्या बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग पियसेननं खिशातून सुपारीची पुडी काढली, पण उघडली नाही. "माझा पोरगा सैन्यात, तिकडं आहे, साहेब. यापनयला. नोव्हेंबरपासून. तुमचं गाव तिकडंच ना?" आजवर त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. अरुळंबलमनंही कधी सांगितलं नव्हतं की सैन्य आलं तेव्हा त्याची थोरली बहीण आणि तिचा नवरा घरदार टाकून, डोक्यावर बोचकी घेऊन, पावसात पाच लाख माणसांबरोबर खाजणापलीकडं चालत गेले होते. जानेवारीत एक चिठ्ठी आली होती, शाळेच्या ओसरीत राहतो म्हणून. ते त्यानं आत्ता सांगितलं. पियसेननं पुडी दुसऱ्या हातात घेतली. "त्यांनी ऐकलं असेल का हो कालचं? रेडिओवर?"

"बॅटऱ्या मिळत नाहीत तिकडं. सरकार जाऊ देत नाही."

"रेडिओच्या बॅटऱ्यासुद्धा?" पियसेनला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. "मग नसेल ऐकलं."

"ऐकलं असेल," अरुळंबलम म्हणाला. "सायकल उलटी करून ठेवतात, सीटवर. डायनामोची वायर रेडिओला जोडतात आणि हातानं पॅडल फिरवतात. जोरात फिरवलं की आवाज मोठा, हात थकला की आवाज बारीक. बहिणीचा नवरा पोस्टमास्तर होता, त्रेसष्ट वर्षांचा आहे. क्रिकेट म्हटलं की त्याला तहानभूक राहत नाही."

"सात तास?" पियसेननं डोळे मोठे केले. "त्रेसष्टाव्या वर्षी?"

"आलटून पालटून फिरवत असतील."

"आणि दोन गडी गेले तेव्हा? सोडून दिलं नसेल ना?"

"छे. तो आणखी जोरात फिरवणारा."

पियसेननं मान हलवली, पुन्हा पुन्हा, एखादी अवघड वस्तू हातांत तोलून बघावी तशी. "माझा पोरगा पहाऱ्यावर असणार त्या वेळी," तो म्हणाला. "अंधारात पलीकडून कॉमेंट्री ऐकू आली, तर तो गोळी घालणार नाही, साहेब. एवढं मी तुम्हाला सांगतो. मी त्याला ओळखतो. तो कान देऊन ऐकेल. आवाज बारीक झाला तर तो ओरडून सांगेल, मामा, थांबू नका, जोरात फिरवा."

त्या पोराच्या आणि त्या शाळेच्या ओसरीच्या मधे खाजण होतं, सुरुंग पेरलेली शेतं होती, हाक पोचेल असं त्यात काही नव्हतं. अरुळंबलमनं ते पियसेनला सांगितलं नाही. त्यानं त्याच्या हातातली सुपारीची पुडी घेतली, उघडली, आणि अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली.